धुळ्याहून येणारं कोडं

स्वयंपाकघरातल्या फडताळात, अनारशाच्या पिठाचा डबा आणि शेंगदाणा तेलाची बरणी यांच्यामधल्या फटीत दोन पाकिटं उभी करून ठेवलेली असत... एक पिवळं, एक गुलाबी. पिवळ्यावर माझं नाव, गुलाबीवर माझ्या धाकट्या भावाचं, महेशचं. अक्षर तेच, काळ्याभोर शाईचं, ताठ आणि नेटकं, जणू ओळीत उभ्या केलेल्या मुली. धनत्रयोदशीला तिन्हीसांजेचा दिवा लागल्याशिवाय ती पाकिटं उघडायची नाहीत असा धुळ्याच्या अक्कामावशीचा दंडक होता, आणि पोस्टमन मात्र ती कधी आठवडाभर आधीच टाकून जायचा. त्या मधल्या दिवसांत महेश येता-जाता फडताळाशी थबकायचा, आपलं पाकीट खिडकीच्या उजेडासमोर धरायचा, नाकाशी नेऊन डोळे मिटायचा. गव्हाच्या खळीचा, पोस्टर कलरचा आणि धुळ्याच्या त्या छोट्या घरातल्या धुपाचा असा एक मिसळलेला वास त्याला येत असे म्हणे. मला माहीत नाही. मी फडताळाकडे पाठ करून जेवायला बसत असे.

घरात सगळीकडे दिवाळी चढत असायची. सकाळच्या हवेत बारीक गारवा, शेजारच्या अंगणात सडा पडल्याचा आवाज, असोद्याच्या वाटेने बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, आणि त्या गाड्यांतून उडून बाभळीच्या काट्यांना लटकलेले कापसाचे पांढरे पुंजके. जळगावातलं आमचं घर साधं, मागे-पुढे अंगण असलेलं; वडील, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यात नोकरीला. आई दिवसभर चुलीपाशी. बेसन भाजल्याचा खमंग वास साऱ्या गल्लीभर पसरायचा आणि त्या वासासरशी माझ्या पोटात कळ उठायची. लाडवांचा वास आणि पोटातली कळ ही जोडी माझ्या मनात इतकी घट्ट बसली आहे की अजूनही कुणाच्या घरी बेसन भाजायला घेतलं की माझा हात नकळत पोटावर जातो.

त्या पाकिटांत कोडं असायचं.

अक्कामावशी ही आईची थोरली बहीण. धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची, अशा गावात जिथे जुन्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. तिला ते फार आवडायचं. ‘आमच्या गावात पत्ता म्हणजेसुद्धा गणितच,’ असं ती म्हणायची. दसरा झाला की शाळेतून आल्यावर ती जाड ड्रॉइंग पेपर घेऊन बसे आणि भावंडांच्या मुलांसाठी शुभेच्छापत्रं करी. विकतची नाहीत, छापील नाहीत. कधी आकाशकंदिलाच्या प्रत्येक पाकळीवर उलटसुलट केलेला एकेक शब्द. तो सुलटा करायचा आणि पाकळ्यांचा क्रम लावायचा. कधी पणत्यांची ओळ, ज्योतीत एक अक्षर आणि वातीत दुसरं. कधी आरशात धरून वाचायचा उखाणा. सुटलं की त्यातून एक वाक्य निघे, आणि ते वाक्य म्हणजे तिची त्या वर्षीची शुभेच्छा. न सुटलं तर शुभेच्छा नाही. तसं ती कधी बोलली नव्हती, पण मला तसंच वाटे. इतरांना मावशीचा आशीर्वाद आपोआप मिळायचा, आणि मला तो कमवावा लागणार होता.

कारण मला वाचता येत नव्हतं. म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही; मी शाळेत जात होते, वरच्या वर्गात ढकललीही जात होते. पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’ ही माणसं मला जुळ्या बहिणींसारखी भासत. जिला हाक मारावी ती निघायची दुसरीच. वेलांटी आधी की नंतर, रफार कुणाच्या डोक्यावर, हे मी दर वेळी नव्याने ठरवत असे आणि दर वेळी चुकत असे. पुढे लोकांनी मला विचारलं, अक्षरं हलायची का गं? नाही. अक्षरं जागच्या जागीच असायची. चुकत मीच असायचे. आता या गोष्टीला नाव आहे, डॉक्टर आहेत, परीक्षेत जास्तीचा वेळ आहे. तेव्हा तिला एकच शब्द होता आणि तो शब्दही अवघ्या एका अक्षराचा होता. ‘ढ’.

आईला हे कळलं होतं. कधी कळलं ते ठाऊक नाही. आयांना कळतं तसं, न सांगता. आणि कळल्यावर तिने जे केलं ते असं. धनत्रयोदशीला दिवा लागे, महेश आपलं गुलाबी पाकीट घेऊन ओसरीवर पळे, आणि आई मला म्हणे, “सुजू, आत ये. चकल्या तळायला बस माझ्याजवळ.” मी पिवळं पाकीट घेऊन जाई. कढईतल्या चकलीवरची नजर न काढता ती डाव्या हाताने कार्ड आपल्याकडे वळवून घेई, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटे, झारा फिरवी, पुन्हा कार्डाकडे पाही. चकल्यांचा तो घाणा निघून दुसरा पडेस्तोवर वाक्य तयार असे. मग ती ते मला पाठ करायला लावी. एकदा, दोनदा, झोपेत उठवलं तरी म्हणता येईल इतकं. आणि शेवटी, पदराने कपाळ पुसत, “अक्काला सांगू नकोस हं.”

या चार शब्दांत किती भय भरलेलं होतं हे मला फार उशिरा उमगलं. आई सातवीपर्यंत शिकली होती. त्या वर्षी आजीचं दुखणं आलं, घराला हात हवे होते, आणि दोन बहिणींपैकी एकीला शाळा सोडावी लागली. धाकटीने सोडली. थोरली शिकत गेली. यावर दोघी कधीच बोलत नसत. पण धुळ्याला जायचं ठरलं की आई आपल्या साड्या पुन्हा पुन्हा उलगडून बघे, आणि माझ्या भांगात तेल घालताना तिची बोटं नेहमीपेक्षा जरा जोरात फिरत.

भाऊबीजेला आम्ही धुळ्याला जमायचो. अमळनेरचा मामा आपल्या दोन मुलांना घेऊन येई, आम्ही जळगावहून एसटीने. एरंडोल मागे पडलं, पारोळा आलं की माझ्या तळहातांना घाम सुटे. खिडकीबाहेर कापसाची शेतं, वाळत घातलेली ज्वारीची कणसं, आणि मी मनातल्या मनात ते वाक्य घोकत असे. एखादा शब्द निसटलासा वाटला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. ओवाळणं झालं, की फराळाच्या आधी अक्कामावशी सगळ्या मुलांना चटईवर बसवी आणि एकेकाने उभं राहून आपलं उत्तर म्हणायचं असे. मी म्हणे. सगळे टाळ्या वाजवत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असे आणि माझं म्हणून झालं की ती आत निघून जाई. काही वर्षं हे असं निभावलं.

मी चौथीत होते त्या वर्षी कार्डावर रांगोळी होती. ठिपक्यांची. प्रत्येक ठिपक्याशी एक अक्षर, आणि रेघ न तोडता बोट अशा वाटेने फिरवायचं की अक्षरांतून वाक्य जुळत जावं. आईला त्या दिवशी वेळ लागला. एक घाणा करपलासुद्धा. पण शेवटी तिचा चेहरा खुलला आणि ती मला हलक्या आवाजात म्हणाली, “तुझ्या अंगणात उजेड मावू नये.” मग स्वतःशीच, “किती छान लिहिते ही.”

धुळ्यात मी उभी राहिले आणि म्हटलं, “तुझ्या अंगणात उजेड मावू नये.”

“शाबास!” अक्कामावशी म्हणाली. आणि मग ती, खरंच आनंदाने, पुढे वाकली. “आता रेघ काढून दाखव. बोट कुठून निघालं गं तुझं?”

मी कार्डाकडे पाहिलं. ठिपकेच ठिपके. मी बोट ठेवलं एका अक्षरावर, ते चुकीचं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. उचललं, दुसरीकडे ठेवलं. बाहेर कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली होती, ती तडतडत संपेपर्यंत माझं बोट त्या कागदावर इकडून तिकडे फिरत राहिलं. एखादी मुंगी पाण्याच्या थेंबाभोवती फिरते, तसं.

“घाबरलीय ती,” दारातून आई म्हणाली. “बसमध्ये तिला मळमळत होतं.”

“थांब, इंदू.”

“अगं, लहान आहे ती...”

“इंदू, तू गप.” अक्कामावशीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. बराच वेळ आईकडेच. नंतर तिने माझ्या हातातून कार्ड हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, “चला, फराळाला बसा सगळे.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती, आणि माझ्या मांडीवर पडलेला तिचा हात गार होता.

मेमध्ये अक्कामावशीने मला धुळ्याला नेलं. सुट्टीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. पण पाटी आणि नवी अंकलिपी तिच्या टेबलावर आधीच मांडलेली होती. त्या उन्हाळ्याची आठवण म्हणजे खिडकीला लावलेलं ओलं गोणपाट, पांझरेचं कोरडं पात्र, आणि दुपारभर चाललेलं ‘हे काय आहे? नीट बघ. हे काय आहे?’ तिला वाटे, मी मन लावत नाही. मला वाटे, मन लावायचं म्हणजे नेमकं कुठे लावायचं ते कुणी सांगत का नाही? ती चांगली शिक्षिका होती. सगळं गाव तिचं नाव घेई. म्हणूनच दर दुपारी तिचा आवाज थोडा थोडा खाली येत गेला, तसतशी मी अधिक घाबरत गेले. जिला सगळ्यांना शिकवता येतं तिला मला शिकवता येत नाही, याचा अर्थ काय, ते मला नेमकं कळत होतं.

एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला. अक्कामावशी खुर्चीतच पेंगली, डोकं एका बाजूला कलंडलेलं, मानेवर घामाचे थेंब. मला वाईट वाटलं. टेबलावर जुन्या चाचणी परीक्षेचे पाठकोरे कागद होते. मी त्यांच्या घड्या घालत गेले. एकात एक अडकवत, मुठीचा दांडाही त्याच कागदातून काढत, कुठेही खळ न लावता. आणि तयार झालेल्या त्या कागदी पंख्याने तिला वारा घालत बसले. ती जागी झाली ती वाऱ्याने. तिने पंखा हातात घेतला, उलटापालटा केला, मग गणिताच्या बाईंच्या सवयीने तो उलगडून पाहिला... आणि तिला तो पुन्हा जोडता येईना.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“कुणी नाही.”

“मग कसं केलंस?”

“ते तसंच बसतं ना,” मी म्हटलं. मला याहून दुसरं काही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अंकलिपी टेबलावर नव्हती.

त्या दिवाळीला पिवळं पाकीट आलं ते जरा जाड होतं. धनत्रयोदशीचा दिवा लागला. मी सवयीने पाकीट घेऊन चुलीपाशी आले, आईने सवयीने हात पुढे केला, आणि मी उघडलं. आत एक सपाट, निळं, चौकोनी कार्ड. त्यावर बारीक चिरा, काही ठिकाणी घडीच्या पुसट खुणा. एकही अक्षर नाही. मी क्षणभर पाहिलं आणि मला दिसलं... कुठली पट्टी कुठल्या चिरेत जाणार, कोण आधी वाकणार, कोण कुणाला धरून ठेवणार, सगळं एकदम दिसलं. जसं इतरांना पानावरचं वाक्य दिसत असेल तसं. चार-सहा घड्या, एक हलकी ओढ, आणि माझ्या तळहातावर कंदील उभा राहिला. आत पिवळा झिरझिरीत कागद लावलेला होता, तो चुलीच्या उजेडाने पेटल्यासारखा झाला. मी हसले. आयुष्यात पहिल्यांदा मी दिवाळीत मोठ्याने हसले.

आई हसली नाही. तिने कंदील माझ्या हातातून घेतला, खालून पाहिला, आत डोकावून पाहिलं. “अक्षर कुठंय?”

“नाहीये.”

“महेशला काय आलंय?”

महेशला शब्दांची साखळी आली होती, भली मोठी, अवघड. आईने कंदील खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला होता की माझं हसू जागच्या जागी विरून गेलं.

भाऊबीजेला आम्ही गेलो. ओवाळणीचं तबक तयार होतं, खापरावरचे मांडे झाकून ठेवलेले होते. मामा अजून पोचला नव्हता. आई चपलाही न काढता थेट स्वयंपाकघरात गेली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत उभे असताना आतून आवाज येऊ लागले. आई आणि अक्कामावशी आमच्याशी नेहमी शहरी मराठीत बोलायच्या. पण एकमेकींशी, आणि त्यातही राग आला की, त्यांच्या तोंडी माहेरच्या गावची अहिराणी येई.

“तुले काय वाटनं, मन्ही पोर ढ शे?” आईचा आवाज.

“ढ ती नही वं. ढ आपुन शेतस.”

“बालवाडीनं खेळणं धाडं तू तिले. बठ्ठासले अक्षरं, आनि तिले...” सगळ्यांना अक्षरं, आणि मलाच नाहीत. तिचा आवाज फाटला. “तू शिकनी. मी घर सांभायत ऱ्हायनी. आते मन्ही पोरले बी अक्षर नको?”

मग भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज आला आणि आई बाहेर आली. तिने माझा हात धरला, महेशचा धरला. नाना चुळबुळत म्हणाले, “अगं, निदान चहा तरी...” पण आम्ही निघालो होतो. दारातून मागे वळून मी पाहिलं. अक्कामावशी ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्या हातात ओवाळणीची निरांजनं होती, दोन्ही विझलेली.

त्यानंतर बंद झालं सगळं. पत्रं बंद, संक्रांतीचा तिळगूळ बंद, मे महिन्याचं बोलावणं बंद. नानांना विचारलं तर म्हणत, “बहिणी आहेत, होईल नीट.” पण होत नव्हतं. आई कामं करता करता मध्येच थांबे आणि एकाच ठिकाणी बघत राही. मला वाटे, मला वाचता आलं असतं तर हे झालं नसतं. हा विचार मी कुणाला सांगितला नाही. तो शाळेच्या दप्तरासारखा रोज पाठीवर घेऊन हिंडले. आजी आजारी पडली म्हणून एकदा बहिणी वेगळ्या वाटांनी गेल्या होत्या, आणि आता माझ्यामुळे त्या कायमच्या दुरावणार होत्या...

दसरा झाला. फडताळ रिकामं राहिलं. ज्या पाकिटांची मी एवढी धास्ती घेत असे ती येणार नाहीत हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट मी येता-जाता त्या रिकाम्या फटीकडे पाहत राही. आणि म्हणून, एका दुपारी आई पाठीमागे पापड वाळत घालत असताना, मी नानांच्या ऑफिसातलं जुनं फाइलचं कव्हर घेतलं आणि खाली बसले.

मी जे केलं ते कार्ड होतं. चारी बाजूंनी मिटणारं, प्रत्येक पाकळी शेजारणीच्या खाली दडलेली, त्यामुळे पहिली कुठली तेच कळू नये. ते उघडायला एक पाकळी उलट्या दिशेने, आत ढकलावी लागे. आणि आपण सगळे जात्या बाहेर ओढणारे. किती कागद वाया गेले ते सांगत नाही. शेवटी जमलं तेव्हा प्रश्न आला, आत काय लिहायचं? मला खात्रीने, न चुकता लिहिता येईल असं काय होतं? मी फार वेळ विचार केला. मग आत, अगदी मधोमध, पेन्सिलने एकच अक्षर लिहिलं. ‘ये’. मात्रा वरच आहे ना, डावीकडे झुकली आहे ना, ते पुन्हा पुन्हा पाहिलं. पाकिटावर पत्ता महेशकडून लिहून घेतला आणि आम्ही दोघं ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आलो. टाकल्याबरोबर वाटलं, तिकीट कमी पडलं असेल. मग वाटलं, पोस्टात कुणी उघडायला जाईल आणि फाडेल. मग वाटलं, तिला राग येईल.

धनत्रयोदशी गेली. लक्ष्मीपूजन झालं. काही आलं नाही. सायकलची घंटा वाजली की मी दाराशी जाई आणि परत येई. आईने एकदा विचारलं, “कुणाची वाट बघतेस गं?” “कुणाची नाही,” मी म्हटलं.

पाडव्याच्या दुपारी आई भरताची वांगी निखाऱ्यावर फिरवत मागच्या अंगणात बसली होती. सगळीकडे करपलेल्या सालीचा तो गोडसर धूर. समोरचं फाटक वाजलं. मी पळाले. अक्कामावशी उभी होती. एकटी, खांद्याला पिशवी, प्रवासाने केस विस्कटलेले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि घरातून सरळ मागच्या अंगणात गेली. मी दाराच्या चौकटीला धरून राहिले.

आईने वर पाहिलं. हातातला चिमटा तसाच राहिला.

अक्कामावशीने पिशवीतून माझं कार्ड काढलं. त्याच्या कडा हाताळून हाताळून मऊ झालेल्या, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. “इंदू,” ती म्हणाली, “हाई माले उघडत नही.”

आईने चिमट्याने वांगं फिरवलं.

“तुन्ही पोरनं धाडेल शे. आठ दिवस झाले, मी शाळेत नेलं, घरी आणलं. माले नही उघडनं.”

“मंग फाडी टाकतीस,” आई म्हणाली. वर्षभरानंतरचे पहिले शब्द.

“कोडं फाडानं नही ऱ्हास वं.”

वांग्याची एक साल फुटून निखाऱ्यावर चर्र झाली. आईने चिमटा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि कार्ड घेतलं. तिनेही आधी ओढूनच पाहिलं, सगळे ओढतात तसं. मग फिरवलं. “उलटं धरेल शे तू, अक्का,” ती पुटपुटली. “आपण दोघीबी उलटंच धरतोय. थांब.” अक्कामावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसली, नव्या साडीसकट, राखेत. दोघींची डोकी जवळ आली. ‘हे आधी.’ ‘नाही, हे.’ ‘जोर नको लावू.’ ‘मी कुठं लावतेय?’ मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की आत ढकला, आत. पण मी चौकट सोडली नाही. आणि मग आईचा अंगठा कसा कोण जाणे आत गेला, आणि चारी पाकळ्या एकदम सुटल्या.

दोघींनी ते एक अक्षर वाचलं.

“उनू ना वं मी,” अक्कामावशी म्हणाली. आले ना गं मी. आणि तिने चष्मा काढला.

आई रडत होती की धुराने डोळे चुरचुरत होते, ते मला लांबून कळलं नाही. थोड्या वेळाने अक्कामावशीचा आवाज आला, अगदी खालचा, जणू मुलींच्या वर्गात नव्हे तर शाळेला जायच्या आधीच्या कुठल्यातरी ओसरीवर बोलावं तसा. “इतले वर्षे सुजूनं बठ्ठं तूच सोडायेल शे ना? ती रांगोळीसुद्धा?” इतकी वर्षं सुजूचं सगळं तूच सोडवलंस ना, असं ती विचारत होती.

आईने मान हलवली.

“एक बी चुकनं नही तुन्हं. एक बी नही, इंदू. माझ्या नववीच्या पोरींना ती रांगोळी सुटली नव्हती.”

आई वांग्याकडे बघत राहिली. ते एका बाजूने पार जळून गेलं होतं. “मंग मालेबी धाडत जाय एक,” ती म्हणाली.

त्यानंतर धुळ्याहून तीन पाकिटं येऊ लागली. आईचं पांढरं असे, आणि त्यातलं कोडं सगळ्यांत अवघड. ती ते एकटी सोडवी, चकल्यांचा घाणा सुरू नसताना, स्वस्थ बसून. मला घड्यांची, चिरांची कार्डं येत राहिली. पण माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. भीती अशी एका दिवाळीने जात नाही. मला वाचता यायला लागलं ते कॉलेजात, माझ्या गतीने, ओळीखाली बोट धरून. आजही परकं पान समोर आलं की आधी तळहात ओला होतो. आणि एक शंका मला अजून छळते. ज्या बाईने आयुष्यभर गणितं सोडवली तिला शाळकरी पोरीच्या चार पाकळ्या खरंच उघडता आल्या नव्हत्या? मी तिला कधी विचारलं नाही. विचारण्यासारख्या वेळा आल्या आणि गेल्या.

आईला जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. अक्कामावशीचे हात थरथरतात, कात्री धरवत नाही. कार्डं थांबली त्यालाही बरीच वर्षं लोटली. यंदा पाडव्याला मी तिला फोन लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली... आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा फोन उचलला जात नाही तेव्हा मनात जे जे येतं ते सगळं येऊन गेलं. मग खरखर झाली आणि तिचा आवाज आला.

“कोण, सुजू? अगं, खुर्चीतून उठेपर्यंत वेळ जातो. घाबरलीस काय?”

“नाही गं,” मी म्हटलं.

“जळगावला थंडी पडली?”

“पडली थोडी.”

“आमच्याकडेही.” मग ती थांबली. मीही. तिच्या बाजूने गल्लीतल्या पोरांचा कालवा ऐकू येत होता, दूर कुठेतरी सुतळी बॉम्ब फुटला. दोघींनाही तिसऱ्या कुणाबद्दल बोलायचं होतं आणि दोघी बोलत नव्हतो.

“ठेवू का गं?” ती म्हणाली.

“थांब ना थोडं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि थांबली.